स्कोपला नेमकं काय विचारायचं?

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. त्यामुळे "दोलनदर्शी" हा ऑसिलोस्कोपचा मराठी शब्द मला कॉलेजात आल्यावर कळला, आणि तो लॅबमध्ये कोणीच वापरत नाही हेही लगेच कळलं! म्हणून या लेखात स्कोपला स्कोप, ट्रिगरला ट्रिगर आणि प्रोबला प्रोबच म्हणणार आहे. शुद्धलेखनाकडे जरा कानाडोळा करा, पण मुद्द्याकडे नको. कारण मुद्दा प्रोजेक्ट सबमिशनच्या महिन्यात सगळ्यांच्या उपयोगाचा आहे.

फर्स्ट इयरपासून आपण स्कोपवर काय बघतो? फंक्शन जनरेटरमधून १ किलोहर्ट्झची साइन वेव्ह द्यायची, ऑटोसेट दाबायचं, स्क्रीनवर छान लाट उभी राहते, व्होल्टेज मोजायचं, जर्नलमध्ये लिहायचं, सही घ्यायची. झालं. पण प्रोजेक्टमध्ये मायक्रोकंट्रोलर आणि सेन्सर एकमेकांशी दोन तारांवर बोलायला लागले, की तेच ऑटोसेट दाबल्यावर स्क्रीनवर नुसता गोंधळ दिसतो. उभ्या रेघांची दाटी, जी क्षणाक्षणाला बदलते. मग आपण म्हणतो, "स्कोप खराब आहे." स्कोप खराब नसतो. त्याला काय शोधायचं हे आपण सांगितलेलंच नसतं. ते सांगण्याची जागा म्हणजे ट्रिगर.

ट्रिगर म्हणजे काय?

सुरुवातीच्या स्कोपमध्ये बीम डावीकडून उजवीकडे आपल्याच गतीने फिरत राहायचा. सिग्नलची आणि त्याची गती जुळली नाही तर चित्र सरकत राहायचं. मग नॉब फिरवून फिरवून ते कसंबसं स्थिर करायचं. अमेरिकेतल्या टेक्ट्रॉनिक्स कंपनीने १९४७ साली ५११ हे मॉडेल बाजारात आणलं. त्यात बीम सिग्नलची वाट बघत थांबायचा. सिग्नलने ठरावीक व्होल्टेज ओलांडलं की मगच निघायचा. म्हणजे प्रत्येक फेरी लाटेच्या त्याच जागेवरून सुरू, म्हणून चित्र स्थिर. आजच्या डिजिटल स्कोपमध्ये बीम उरला नाही, पण कल्पना तीच आहे. स्कोप सतत नमुने घेऊन मेमरीत टाकत असतो, जुने पुसत असतो, आणि ट्रिगरची अट पूर्ण झाली की त्या क्षणाच्या आजूबाजूचा भाग जपून ठेवून आपल्याला दाखवतो.

"आजूबाजूचा" हा शब्द लक्षात ठेवा. डिजिटल स्कोप ट्रिगरच्या *आधी* काय झालं तेही दाखवू शकतो, कारण ते मेमरीत आधीच असतं. पुढे हेच कामाला येणार आहे.

आता साधा एज ट्रिगर काय विचारतो? "लाइन खाली गेली का?" साइन वेव्हला हा प्रश्न पुरतो, कारण तिची प्रत्येक फेरी सारखीच. पण सिरियल डेटात लाइन सेकंदाला हजारो वेळा खाली जाते आणि प्रत्येक वेळी अर्थ वेगळा. एसटी स्टँडच्या गेटवर कॅमेरा घेऊन उभं राहायचं आणि गाडी आत आली की फोटो काढायचा, असं ठरवलं तर प्रत्येक गाडीचा फोटो निघेल. आपल्याला फक्त अमुक गावाची गाडी हवी असेल तर पाटी वाचायला हवी. सिरियल ट्रिगर म्हणजे पाटी वाचणारा ट्रिगर. तो बिट्स मोजतो, त्यांचा बाइट बनवतो आणि आपण दिलेल्या बाइटशी जुळला तरच फोटो काढतो.

आमचं घड्याळ ४५ वाजता का थांबायचं?

नुसती थिअरी नको, आमच्याच मिनी प्रोजेक्टचं उदाहरण घेऊ. शेतातल्या पंपाला ठरलेल्या वेळी पाणी द्यायला लावणारा टायमर. आर्डुइनो ऊनो, घड्याळासाठी डीएस १३०७ ही चिप, रिले, आणि डेमोसाठी ५ व्होल्टची छोटी मोटर. मोटर हाताने चालू करायला एक बटणही दिलं होतं. ते सरळ रिलेला जोडलेलं, मायक्रोकंट्रोलरला न विचारता चालणारं.

सगळं छान चालायचं. पण अधूनमधून एलसीडीवर एकदम वेळ यायची ४५:१६५:८५. क्षणात परत नीट. हसू येईल, पण परिणाम हसण्यासारखा नव्हता. प्रोग्राम बघायचा की ४५ हा तास पाणी देण्याच्या वेळेच्या पुढे गेलाय, म्हणजे आजचं पाणी देऊन झालं. आणि त्या दिवशी पंप पुन्हा चालूच व्हायचा नाही! खऱ्या शेतात असं झालं तर पीक कोरडं राहणार.

ग्रुपमध्ये संशय लगेच सोल्डरिंगवर गेला, म्हणजे खरं तर सोल्डरिंग करणाऱ्या आमच्या पार्टनरवर. बिचारीने सगळे जॉइंट दोनदा नव्याने केले, चिप बदलली. चूक तिथेच. तिसऱ्यांदा "बघ ना, कुठेतरी लूज असेल" म्हटल्यावर तिने सोल्डरिंग गन टेबलावर ठेवली आणि लॅबच्या बाहेर गेली. तेव्हा मला वाटलं, आता अंदाज पुरे. तारांवर काय होतंय ते डोळ्यांनी बघायचं.

आधी त्या ४५:१६५:८५ चा अर्थ. डीएस १३०७ वेळ बीसीडीत देतं, म्हणजे बाइटच्या वरच्या चार बिट्समध्ये दशक, खालच्या चारमध्ये एकक. चिपने उत्तरच दिलं नाही तर वाचणाऱ्याच्या हातात सगळे एक, म्हणजे हेक्स एफएफ येतं. मिनिटांसाठी १५ गुणिले १० अधिक १५, झाले १६५. सेकंदातला वरचा एक बिट प्रोग्राम काढून टाकतो, म्हणून ७ दशक आणि १५, झाले ८५. तासातले वरचे दोन काढतो, म्हणून ३ दशक आणि १५, झाले ४५. म्हणजे घड्याळ चुकीची वेळ सांगत नव्हतं. घड्याळ गप्प बसत होतं! प्रश्न बदलला. आता विचारायचं होतं, "ते केव्हा गप्प बसतं?"

आय टू सी दोन मिनिटांत

डीएस १३०७ आय टू सी बसवर बोलतं. दोन तारा, क्लॉक आणि डेटा. दोन्ही पुल-अप रेझिस्टरमुळे वर असतात. कोणीही त्यांना फक्त खाली ओढू शकतो. क्लॉक वर असताना डेटा खाली आला तर तो स्टार्ट, क्लॉक वर असताना डेटा वर गेला तर स्टॉप. एरवी डेटा फक्त क्लॉक खाली असतानाच बदलतो. स्टार्टनंतर पहिला बाइट पत्ता असतो, सात बिट्स पत्ता आणि आठवा बिट वाचायचं की लिहायचं यासाठी. नवव्या क्लॉकला मास्टर डेटा लाइन सोडून देतो. तो पत्ता ज्याचा असेल त्याने ती खाली ओढायची, म्हणजे वर्गातल्या हजेरीसारखं "प्रेझेंट" म्हणायचं. याला अॅक्नॉलेज म्हणतात. नवव्या बिटला लाइन वरच राहिली तर नॅक, म्हणजे गैरहजर.

डीएस १३०७ चा पत्ता हेक्स ६८. इथे पुष्कळ जण फसतात. ६८ हा सात बिट्सचा पत्ता. वाचा-लिहा बिट जोडून तोच तारेवर डी० (लिहा) किंवा डी१ (वाचा) दिसतो. काही डेटाशीट आणि काही स्कोप एका पद्धतीने लिहितात, काही दुसऱ्या. ट्रिगरमध्ये पत्ता भरण्याआधी स्कोप सात बिट्स मागतोय की आठ, ते मेनूत बघून घ्या. नाहीतर ट्रिगर कधीच येणार नाही आणि तुम्ही सर्किटला दोष देत बसाल.

सेटिंग, क्रमाने

१. प्रोब १०एक्सवर ठेवा आणि चॅनेलच्या मेनूतही १०एक्स सांगा. १एक्सवर प्रोब आणि त्याची केबल मिळून लाइनवर साधारण १०० पिकोफॅरॅडचं ओझं टाकतात, १०एक्सवर १०-१५ पिकोफॅरॅडच. आय टू सीत लाइन वर जाण्याचं काम बिचाऱ्या रेझिस्टरचं. नियमाप्रमाणे १०० किलोहर्ट्झच्या बसवर ३० टक्क्यांपासून ७० टक्क्यांपर्यंत चढायला जास्तीत जास्त १ मायक्रोसेकंद चालतो. हा वेळ ०.८४७ गुणिले आर गुणिले सी इतका येतो. १० किलोओहमला १०० पिकोफॅरॅड म्हणजे ०.८५ मायक्रोसेकंद, अगदी काठावर. म्हणजे मोजणाराच चूक घडवू शकतो!

२. ग्राउंड क्लिप फक्त सर्किटच्या ग्राउंडला. स्कोपचं ग्राउंड मेन्सच्या अर्थिंगला जोडलेलं असतं. क्लिप भलतीकडे लावली तर सरळ शॉर्ट.

३. चॅनेल १ क्लॉक, चॅनेल २ डेटा. प्रोजेक्ट लॅबमधला स्कोप चार चॅनेलचा आहे, म्हणून चॅनेल ३ डीएस १३०७ च्या सप्लाय पिनवर आणि चॅनेल ४ रिलेच्या कॉइलवर लावला. हे दोन कशाला? ट्रिगर सांगतो "केव्हा". "का" हे सांगायला शेजारची साक्ष लागते.

४. ट्रिगर टाइप एजवरून आय टू सी करा. क्लॉक कुठला चॅनेल आणि डेटा कुठला ते सांगा. थ्रेशोल्ड ५ व्होल्टच्या बसला साधारण २.५ व्होल्ट, ३.३ व्होल्टच्या बसला १.६५. थ्रेशोल्ड चुकला तर स्कोपला एक आणि शून्य यातला फरकच कळत नाही.

५. अट निवडा. स्टार्ट, स्टॉप, पत्ता, पत्ता आणि डेटा, पत्त्याला अॅक्नॉलेज नाही, असे पर्याय असतात. आमच्या मॉड्यूलवर त्याच बसला हेक्स ५० पत्त्याची मेमरी चिपही आहे. नुसता स्टार्ट निवडला असता तर तिच्या गप्पांवरही स्कोप थांबला असता. नुसता पत्ता ६८ निवडला असता तर सेकंदाला दहा वेळा थांबला असता, कारण प्रोग्राम दर १०० मिलीसेकंदांनी वेळ वाचतो. आम्हाला हवी होती गैरहजेरी. म्हणून "पत्त्याला अॅक्नॉलेज नाही".

६. मोड ऑटो नको. ऑटोमध्ये अट पूर्ण झाली नाही तरी स्कोप थोडा वेळ थांबून काहीतरी दाखवतोच, आणि आपल्याला वाटतं हाच तो. सिंगल निवडा. एकदा पकडेल आणि तिथेच थांबेल, तुम्ही कँटीनला जाऊन आलात तरी. नॉर्मलही चालतो, पण नवीन घटना आली की जुनी पुसली जाते.

७. टाइमबेस आणि मेमरी. इथे थोडं गणित हवं. १० मिलीसेकंद प्रति डिव्हिजन ठेवलं आणि दहा डिव्हिजन असल्या तर स्क्रीन १०० मिलीसेकंदांची. मेमरी १० लाख पॉइंट्सची असेल तर दर ०.१ मायक्रोसेकंदाला एक नमुना. १०० किलोहर्ट्झला एक बिट १० मायक्रोसेकंदांचा, म्हणजे बिटमागे १०० नमुने. झूम केलं तरी स्वच्छ दिसणार. पण मेमरी २५०० पॉइंट्सची असेल, जशी लॅबमधल्या जुन्या डिजिटल स्कोपची आहे, तर दर ४० मायक्रोसेकंदाला एकच नमुना. चार बिट्समागे एक! काहीच वाचता येणार नाही. तिथे २५० मायक्रोसेकंद प्रति डिव्हिजन ठेवा, बिटमागे दहा नमुने मिळतात, आणि डीएस १३०७ चं पूर्ण वाचन साधारण ०.९ मिलीसेकंदाचं असल्याने स्क्रीनवर मावतं. सप्लाय बघायला दुसऱ्यांदा मोठा टाइमबेस ठेवून पकडा.

८. ट्रिगरची जागा स्क्रीनच्या मध्यावर. अर्धी स्क्रीन आधीचं दाखवेल, अर्धी नंतरचं. कारण जवळजवळ नेहमी डावीकडे असतं.

मग काय दिसलं?

सिंगल दाबलं. बटण दाबून मोटर चालू-बंद, चालू-बंद. चार वेळा काही नाही, पाचव्या वेळी स्कोप थांबला. मध्यावर डी०, आणि नववा बिट वर. गैरहजर. चॅनेल ४ वर त्याच्या काही मिलीसेकंद आधी रिले लागलेला. आणि चॅनेल ३ वर? ५ व्होल्टचा सप्लाय खाली पार ३.४ व्होल्टपर्यंत बुडालेला, साधारण २० मिलीसेकंदांनी वर येणारा. मोटर थांबलेली असताना चालू होते तेव्हा ती नेहमीपेक्षा कितीतरी जास्त करंट ओढते. एकाच अॅडॉप्टरवर सगळं असल्याने मोटरने सगळ्यांचा घास पळवला.

पण मायक्रोकंट्रोलर तर चालूच होता, मग घड्याळच का गप्प? उत्तर डेटाशीटमध्ये आहे. डीएस १३०७ ला बॅकअप सेल असतो. सप्लाय सेलच्या साधारण १.२५ पट व्होल्टेजखाली गेला की चिप समजते की वीज गेली, आणि घड्याळ बिघडू नये म्हणून बाहेरच्यांशी बोलणं बंद करते. सेल ३ व्होल्टचा, म्हणजे सीमा ३.७५ व्होल्ट. ऊनोवरचा एटीमेगा ३२८ मात्र २.७ व्होल्टखाली जाईपर्यंत रिसेट होत नाही. म्हणून ३.४ व्होल्टला एक जागा होता आणि दुसरा झोपलेला! आणि वाचन १०० मिलीसेकंदांनी एकदा, बुडी २० मिलीसेकंदांची, म्हणून साधारण पाचातून एकदाच गाठ पडायची. "कधी होतं, कधी होत नाही" याचं एवढंच रहस्य.

मोटरला वेगळा सप्लाय दिला, ग्राउंड फक्त एकत्र ठेवलं, चिपजवळ कपॅसिटर लावला. प्रोग्राममध्येही दुरुस्ती केली. वायर लायब्ररीतलं एंडट्रान्समिशन पत्त्याला उत्तर न मिळाल्यास २ हा आकडा देतं. तो तपासायचा आणि उत्तर नसेल तर आधीची वेळ धरून पुन्हा विचारायचं. त्यानंतर ४५ कधी वाजले नाहीत. आणि सगळ्यात महत्त्वाचं, आमच्या पार्टनरचे जॉइंट पहिल्यापासून चांगले होते हे ग्रुपला मान्य करावं लागलं. स्क्रीनचा फोटो आम्ही रिपोर्टमध्ये लावला. कॅप्शन तिनेच लिहिली.

तुमच्या स्कोपमध्ये सिरियल ट्रिगर नसेल तर?

निराश होऊ नका, साध्या स्कोपलाही हुशारीने प्रश्न विचारता येतो.

एक. मायक्रोकंट्रोलरची रिकामी पिन वापरा. प्रोग्रामला चूक कळली की त्याने ती पिन वर करायची, स्कोपने त्या पिनवर एज ट्रिगर घ्यायचा. आमच्या बाबतीत एंडट्रान्समिशनने २ दिला की पिन वर, बस्स. पाटी प्रोग्राम वाचतो, फोटो स्कोप काढतो. घडलेली गोष्ट ट्रिगरच्या डावीकडे दिसेल.

दोन. एसपीआय बस असेल तर प्रत्येक चिपची वेगळी सिलेक्ट लाइन असते आणि ती बहुतेक वेळा खाली जाऊन चिपला बोलावते. तिच्या पडत्या एजवर ट्रिगर घ्या, त्या चिपचंच संभाषण दिसेल.

तीन. साध्या सिरियल पोर्टला पल्स-विड्थ ट्रिगर वापरा. ९६०० बॉडला एक बिट १०४ मायक्रोसेकंदांचा. लाइन एरवी वर, स्टार्ट बिट खाली, मग आठ बिट्स, सगळ्यात खालचा बिट आधी, मग स्टॉप बिट वर. शून्य हा बाइट आला तर स्टार्ट धरून नऊ बिट्स सलग खाली, म्हणजे ९३७ मायक्रोसेकंद. हेक्स ८० ला आठच, ८३३ मायक्रोसेकंद. तेव्हा "९०० मायक्रोसेकंदांपेक्षा लांब खालचा पल्स" ही अट शून्य बाइटलाच पकडते, किंवा लाइन तुटून खाली राहिली असेल तर तिला. मात्र आरएस-२३२ च्या केबलवर सगळं उलटं असतं, तिथे रिकामी लाइन निगेटिव्ह व्होल्टेजला असते. पोलॅरिटी उलटी करा.

चार. बॉड रेटची खात्री नसेल तर कॅपिटल यू हे अक्षर सतत पाठवा. त्याचा कोड हेक्स ५५, म्हणजे स्टार्ट-स्टॉप धरून एकाआड एक शून्य आणि एक. ९६०० बॉडला बरोबर ४८०० हर्ट्झची स्क्वेअर वेव्ह दिसते. इथे आपलं लाडकं ऑटोसेटही चालतं!

पाच. होल्डऑफ नावाचा विसरलेला नॉब. एकदा ट्रिगर झाल्यावर किती वेळ दुसरा घ्यायचा नाही, ते तो ठरवतो. संदेश १ मिलीसेकंदाचा आणि दोन संदेशांमध्ये मोठी विश्रांती असेल तर होल्डऑफ २ मिलीसेकंद ठेवा. स्कोप संदेशाच्या मधल्या एजवर न अडकता पुढच्या संदेशाच्या सुरुवातीला पकडेल.

तर मंडळी, पुढच्या वेळी स्कोपसमोर बसाल तेव्हा बटणांना हात लावण्याआधी वहीत एक वाक्य लिहा, "मला अमुक घडलेला क्षण बघायचाय, आणि त्याच्या आधी तमुक ठिकाणी काय चाललं होतं ते." पहिला अर्धा भाग तुमचा ट्रिगर, दुसरा अर्धा भाग तुमचे बाकीचे चॅनेल. हे वाक्य लिहिता येत नसेल तर स्कोप कितीही लाखांचा असो, तो गोंधळच दाखवेल. आणि हो, मित्र-मैत्रिणींच्या सोल्डरिंगला नावं ठेवण्याआधी एक सिंगल शॉट घेऊन बघा.

सबमिशनसाठी सगळ्यांना ऑल द बेस्ट!